गोलंदाज बाळू पालवणकर

पुण्यात गोऱ्या अधिकाऱ्यांचा एक क्रिकेट क्लब होता. इ. स. १८९२ च्या सुमारास सोळा वर्षांचा एक मुलगा तेथे दरमहा चार रुपये पगारावर कामास राहिला. खेळपट्टीवर रूळ फिरवावा, सरावासाठी जाळ्या उभाराव्या, टेनिसच्या मैदानावर पांढऱ्या रेषा ओढाव्या, अशी त्याची कामे असत. त्यापूर्वी एका पारशी क्लबात तो तीन रुपयांवर राबत होता. या मुलाचे नाव बाळू पालवणकर.

पालवणकरांचे घराणे मूळचे कोकणातले. वडील लष्कराच्या नोकरीत असल्यामुळे बाळूचा जन्म धारवाड येथे १८७६ साली झाला आणि बालपण पुण्यात गेले. साहेब लोकांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन तो व त्याचा धाकटा भाऊ शिवराम खेळत असत. घरची स्थिती बेताची होती. शिक्षण लवकरच सुटले.

क्लबातील साहेबांना फलंदाजीच्या सरावासाठी कोणीतरी चेंडू टाकणारा हवा असे. हे काम हळूहळू बाळूकडे आले. तो डाव्या हाताने संथ गतीचा चेंडू टाकी. कॅप्टन ग्रेग हे त्या काळचे नामांकित फलंदाज. ते इतरांच्या आधी मैदानावर येत आणि बाळूची गोलंदाजी खेळत बसत. त्यांना बाद केले की दर खेपेस ते बाळूस आठ आणे देत, असे सांगतात. महिन्याचा पगार चार रुपये असणाऱ्या मुलाला आठ आणे ही काही लहान रक्कम नव्हती. असे शेकडो तास गोलंदाजी करता करता चेंडूची दिशा, टप्पा आणि फिरकी यांवर त्याने असामान्य प्रभुत्व मिळवले. मात्र त्या क्लबात बॅट कधी त्याच्या हाती देण्यात आली नाही. फलंदाजी हा साहेबांचा मान होता.

त्याच शहरात हिंदूंचाही एक क्लब होता व गोऱ्यांच्या क्लबाला हरवावे अशी त्याच्या सभासदांची फार इच्छा होती. बाळूची कीर्ती त्यांच्या कानावर गेली तेव्हा मोठाच पेच उभा राहिला. बाळू चर्मकार समाजातला होता व त्या काळी हा समाज अस्पृश्य मानला जाई. त्याला संघात घ्यावे की न घ्यावे यावर पुष्कळ वाद झाला. अखेर घ्यावे असे ठरले. पण तेही केवळ मैदानापुरते. ज्या चेंडूला बाळूचा हात लागे तोच चेंडू इतर खेळाडूही हाताळीत, त्यात कोणाला काही वावगे दिसत नसे. चहाची वेळ झाली की मात्र मंडळी आत बसत आणि बाळूला बाहेर, फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. त्याचे जेवणही निराळ्या ताटात वाढले जाई. ज्याच्या बळावर सामने जिंकावयाचे त्याला असे बाहेर बसवताना त्या सुशिक्षित मंडळींना संकोच कसा वाटला नाही, याचे नवल वाटते.

साताऱ्याच्या गोऱ्या संघाने बाळूला निष्प्रभ करण्यासाठी आठवडाभर रूळ फिरवून खेळपट्टी कडक करून ठेवली होती. तरीही त्याने सात गडी टिपले आणि पुण्याचा संघ विजयी झाला. पुढे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी बाळूचा जाहीर गौरव केला. रानड्यांसारख्या थोर पुरुषाने उचललेल्या या पावलामुळे पुण्यातील मंडळींच्या वागण्यात थोडा फरक पडला.

१८९६ साली प्लेगची साथ आली व त्यानंतर पालवणकर कुटुंब मुंबईस गेले. तेथे बाळूंना रेल्वेत नोकरी मिळाली आणि ते हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू आणि युरोपियन यांचा सामना झाला. हिंदूंनी दोन डावांत २४२ व १६० धावा केल्या. युरोपियनांना १९१ व १०२ धावाच करता आल्या. हिंदू १०९ धावांनी विजयी झाले. बाळूंनी दोन्ही डावांत मिळून आठ गडी बाद केले होते. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवल्याचा आनंद सर्वत्र पसरला. मुंबईत बाळू आपल्या सोबत्यांच्या पंक्तीस बसून जेवू लागले, ही गोष्टही त्या विजयाइतकीच महत्त्वाची होय.

१९११ साली पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. शिवरामही त्यात होते. तेवीस सामन्यांपैकी सहाच जिंकता आले व पंधरा गमवावे लागले. बाळू तेव्हा पस्तीस वर्षांचे होते आणि खांदा दुखत असतानाही गोलंदाजी करीत होते. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात त्यांनी आठ गडी बाद केले. त्या दौऱ्यात त्यांनी एकूण ११४ बळी मिळवले. मुंबईला परत आल्यावर दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या वेळचे मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी तयार केले होते, असे सांगतात.

एवढे होऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना मिळाले नाही. हा विषय वर्षानुवर्षे निघे आणि निवड मात्र दुसऱ्याची होई. एकदा कर्णधार झालेले एम. डी. पै यांनीच भर समारंभात हा मान बाळूंचा होता असे सांगितले. पै यांच्या या मोकळ्या मनाचे कौतुक केले पाहिजे. १९२० साली तर बाळूंना संघातूनच वगळले. पै आजारी पडले, तेव्हा धाकटे बंधू विठ्ठल यांच्याऐवजी दि. ब. देवधर यांना कर्णधार केले. देवधर गुणी फलंदाज होते. परंतु विठ्ठल अनुभवाने ज्येष्ठ होते. विठ्ठल व शिवराम यांनी या अन्यायाचा जाहीर निषेध करून संघातून अंग काढून घेतले. लोकमत त्यांच्या बाजूने वळले. पुढच्या सामन्यासाठी पै परतले, बाळूंना उपकर्णधार नेमले व दोघे बंधूही संघात आले. त्या सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढ्या वेळेपुरते संघाचे नेतृत्व बाळूंच्या हाती आले.

पुढे १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्याच वर्षी त्यांच्या संघाने युरोपियनांवर विजय मिळवला. सामना संपल्यावर प्रेक्षकांनी विठ्ठलांना खांद्यावर उचलून घेतले.

खेळ सोडल्यानंतर बाळू सार्वजनिक कार्यात पडले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ साली मुंबईच्या विधानसभा निवडणुकीत ते डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. पंचवीस वर्षांपूर्वीच्या त्या सत्काराची दोघांनाही त्या वेळी आठवण झाली असेल.

४ जुलै १९५५ रोजी बाळूंचे मुंबईत निधन झाले. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांच्या नावावर १७९ बळी आहेत. पुण्याच्या मैदानावर आठ आण्यांसाठी घेतलेले बळी त्यात धरलेले नाहीत.