'रंग दे बसंती'मागचा खरा मिग अपघात आणि लेकाच्या नावासाठी लढलेली पुण्याची आई

'रंग दे बसंती' बघताना मिग अपघाताच्या सीनला अनेकांचे डोळे पाणावले. पण ज्या वैमानिकाच्या कथेशी हा सिनेमा जोडला जातो तो मराठी होता, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

त्याचं नाव फ्लाइट लेफ्टनंट अभिजीत गाडगीळ.

घर पुण्यातलं. वडील अनिल गाडगीळ स्वतः हवाई दलाचे वैमानिक. त्यामुळे विमानं घरातच होती म्हणा ना. अभिजीतनेही तोच रस्ता धरला आणि तो मिग-२१ चा वैमानिक झाला.

१७ सप्टेंबर २००१. राजस्थानातला सुरतगड तळ, रात्रीची वेळ. अभिजीतच्या मिग-२१ ने धावपट्टी सोडली आणि काही क्षणांतच ते कोसळलं. अभिजीत जागीच गेला.

चौकशी झाली आणि ठपका आला तो वैमानिकावर.

आता रात्रीचं टेक-ऑफ इतकं अवघड का असतं, ते बघू. विमान झपाट्याने वेग घेतं तेव्हा कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला नाक वर चाललंय असा भास होतो. खाली वाळवंटात दिवे नाहीत, क्षितिज दिसत नाही. अशा वेळी शरीराचं ऐकून नाक खाली दाबलं की सावरायला उंचीच उरत नाही.

त्यात मिग-२१ चा उतरतानाचा वेगही ताशी ३०० किलोमीटरच्या वर. त्या काळी नवा वैमानिक 'किरण'सारख्या कमी वेगाच्या विमानावरून थेट या विमानावर यायचा. मधल्या पायरीसाठी प्रगत जेट प्रशिक्षण विमान घ्या, असं लाफाँटेन समितीने ऐंशीच्या दशकातच सुचवलं होतं. 'हॉक' विमानांना मंजुरी मिळाली २००३ मध्ये आणि ती दाखल झाली २००८ मध्ये.

अभिजीतची आई कविता गाडगीळ यांना मुलावरचा ठपका मान्य नव्हता. त्यांनी पत्रं लिहिली, माध्यमांसमोर आल्या, विमानांच्या सुरक्षेचा प्रश्न देशभर नेला. लढाई थेट हवाई दलाशी होती. अखेर अभिजीतच्या वैमानिक म्हणून असलेल्या क्षमतेवरचा डाग पुसला गेला.

पुढे आई-वडिलांनी मुलाच्या आठवणीत पुण्यात 'जीत एरोस्पेस' ही संस्था काढली. सिम्युलेटरवर तरुणांना उड्डाणाचे धडे मिळावेत, हा त्यामागचा हेतू.

जानेवारी २००६ मध्ये 'रंग दे बसंती' आला. प्रदर्शनाआधी तो संरक्षणमंत्री प्रणव मुखर्जींना दाखवावा लागला होता.

२०१२ मध्ये सरकारने संसदेत आकडा दिला. ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातग्रस्त, १७१ वैमानिकांचा मृत्यू.

नाशिकजवळच्या ओझरलाही बनलेलं हे मिग-२१ अखेर २६ सप्टेंबर २०२५ ला निवृत्त झालं. अभिजीतला जाऊन तेव्हा २४ वर्षं झाली होती.