विश्लेषण : शिवणकामाला महिलांच्या कमाईचे साधन करणाऱ्या रमाबाई रानडे कोण होत्या?

ऊन तापू लागले की रिसोडमध्ये पश्चिमेकडच्या खिडकीला जाड पडदा लागतो. तयार पडदे ठरावीक मापाचे मिळतात आणि जुन्या घराच्या खिडक्या भलत्याच मापाच्या असतात. मग पडदा घरच्या मशीनवर शिवला जातो, नाहीतर शिवणकाम करणाऱ्या ताईंकडे माप जाते. या कामाला बाईची कमाई म्हणून मान मिळावा, यासाठी शंभर वर्षांपूर्वी झटलेल्यांत रमाबाई रानडे यांचे नाव महत्त्वाचे आहे.

सुरुवातीचे आयुष्य कसे होते?

रमाबाईंचा जन्म १८६२ मध्ये आताच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथे कुर्लेकर घराण्यात झाला. १८७३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचे लग्न महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाले. तोवर त्यांना अक्षरओळखही नव्हती. पतीने त्यांना मराठी आणि पुढे इंग्रजी शिकवले. घरातील वडीलधाऱ्या बायकांना ते रुचत नव्हते. पुण्यात मुलींच्या हायस्कूलसाठी झालेल्या सभेत त्यांनी इंग्रजीतून निवेदन वाचले, तेव्हा घरी त्यांना बोलणी खावी लागली. ही शाळा, म्हणजे आजची हुजूरपागा, १८८४ मध्ये सुरू झाली.

शिवणकामाशी संबंध कसा आला?

१८९३ मध्ये न्या. रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि बिऱ्हाड मुंबईला हलले. तेथे रमाबाईंनी हिंदू महिलांसाठी मंडळ सुरू केले. त्यात भाषा आणि सामान्यज्ञानासोबत शिवण व हस्तकलेचे वर्ग भरत.

सेवासदन का सुरू झाले?

१६ जानेवारी १९०१ रोजी न्या. रानडे यांचे निधन झाले. रमाबाई तेव्हा चाळिशीच्या आत होत्या. त्या काळी विधवेच्या वाट्याला घराचा कोपरा आणि दुसऱ्याच्या जिवावरचे जगणे येई. रमाबाई पुण्याला परतल्या आणि काही काळाने पुन्हा कामाला लागल्या. १९०४ मध्ये मुंबईत झालेल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्षा होत्या.

बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांच्या पुढाकाराने १९०८ मध्ये मुंबईत सेवासदन उभे राहिले. पुढच्याच वर्षी रमाबाईंनी पुण्यात सेवासदन सुरू केले. गोपाळ कृष्ण देवधर यांची त्यांना मोठी साथ होती. येथे शिवण, शिक्षिका प्रशिक्षण आणि परिचारिका प्रशिक्षण मिळे. विधवा किंवा टाकलेल्या बाईच्या हाती चार पैसे यावेत, हा यामागचा रोखठोक विचार होता. मुलींचे सक्तीचे प्राथमिक शिक्षण आणि महिलांचा मताधिकार यांसाठीही त्या लढल्या. १९२४ मध्ये त्यांचे निधन झाले. १९६२ मध्ये जन्मशताब्दीनिमित्त टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले.

विदर्भात हे काम पोहोचले का?

होय. १९२७ मध्ये नागपुरातही सेवासदन सुरू झाले. ती संस्था आजही शिक्षणक्षेत्रात आहे.

आज याचे महत्त्व काय?

एका पडद्याचा हिशेब करून पाहा. खिडकी ४ फूट रुंद आणि ५ फूट उंच आहे. चुण्या नीट पडण्यासाठी रुंदीच्या दुप्पट, म्हणजे ८ फूट कापड हवे. ४८ इंच पन्ह्याच्या कापडाचे दोन पट्टे जोडले की ते भागते. प्रत्येक पट्ट्याची उंची ५ फूट, त्यात वरच्या नेफ्यासाठी ४ इंच, खालच्या दुमडीसाठी ४ इंच आणि चौकटीबाहेर ऊन अडवायला ६ इंच. एकूण ६ फूट २ इंच. दोन पट्ट्यांना १२ फूट ४ इंच, म्हणजे साधारण पावणेचार मीटर. अस्तर लावायचे तर तेवढेच कापड वेगळे. सुती कापड आधी धुऊन आटवून घ्यावे लागते, नाहीतर पहिल्याच धुण्यात पडदा आखूड होतो.

हा सगळा हिशेब शिवणाऱ्या ताईंच्या डोक्यात तयार असतो. दुकानात कापडाचा भाव आपण मुकाट्याने देतो आणि शिलाईवर मात्र घासाघीस करतो. शिलाई ही हुनराची किंमत आहे, हे मान्य करणे हाच रमाबाईंच्या कामाचा आजचा अर्थ आहे.