आपल्या नाक्यावरचा जॉर्ज कॅडबरी

मित्रमैत्रिणींनो, आणि चष्मा पुसून हे वाचायला बसलेल्या सर-बाईंनो,

स्मरणिकेसाठी शाळेच्या आठवणी लिहून दे, असा निरोप आला होता. आठवणी बाकीचे लिहितीलच. मी एका परक्या माणसाबद्दल लिहिणार आहे, पण त्याचं नाव तुम्ही-आम्ही आयुष्यभर घेत आलो आहोत. वाढदिवसाला सगळ्या वर्गाला रावळगावच्या गोळ्या आणि जिवलग मैत्रिणीला कॅडबरी, असा आपला हिशेब असायचा. चॉकलेट कुठल्याही कंपनीचं असो, ती कॅडबरीच. ठाण्यात तर बसस्टॉपचं नावही तेच. ते कुणा माणसाचं आडनाव असेल, असं तेव्हा मनातही आलं नाही.

ओळख झाली ती निवृत्तीनंतर. शेजारच्या एका ख्रिस्ती मित्रामुळे मी एका संस्थेतल्या शनिवारच्या वर्गाला जाऊ लागलो. विषय होता व्यापारातली नीती आणि अडचणीच्या वेळी निर्णय कसा घ्यावा, ख्रिस्ती दृष्टीतून. मी ख्रिस्ती नाही. पण अठ्ठावीस वर्षं एका कारखान्याच्या खरेदी खात्यात काढल्यामुळे त्या विषयाची थोडी धास्ती आणि बरीच ओढ होती. प्रत्येकाने एका व्यापाऱ्याचं चरित्र अभ्यासायचं होतं. ठाण्याचा म्हणून माझ्या वाट्याला जॉर्ज कॅडबरी आला.

हा १८३९ साली बर्मिंगहॅममध्ये क्वेकर घरात जन्मला. क्वेकर म्हणजे ख्रिस्ती धर्मातला एक छोटा पंथ. त्यांच्या सभेत पाद्री नसतो. सगळे गप्प बसतात आणि ज्याला आतून वाटेल तो उठून बोलतो. प्रत्येक माणसात देवाचा प्रकाश आहे, हा त्यांचा मूळ विश्वास. शपथ घ्यायची नाही, युद्धात पडायचं नाही. धर्माच्या अटीमुळे ऑक्सफर्ड-केंब्रिजचे दरवाजे त्यांना बरीच वर्षं बंद होते, त्यामुळे हुशार मुलं व्यापारात शिरली. घासाघीस न करता एकच भाव सांगायचा, ही त्यांची जुनी रीत. आणि एखाद्याचं दिवाळं निघालं तर पंथ त्याला बाहेरही काढी. उधार बुडवणं म्हणजे दुसऱ्याचे पैसे खाणं, इतका साधा हिशेब होता.

वडिलांचा कोकोचा धंदा डबघाईला आला तेव्हा, १८६१ साली, थोरला रिचर्ड आणि एकवीस वर्षांचा जॉर्ज यांनी तो हाती घेतला. आईकडून आलेले पैसे त्यात घातले. देणं अंगावर येण्याआधी दुकान बंद करायचं, असं ठरलेलं होतं. जॉर्जने काटकसरीपायी सकाळचं वर्तमानपत्रही बंद केलं. (पुढे याच माणसाने अख्खं वर्तमानपत्र विकत घेतलं, ते येतंच आहे.)

त्या काळी कोकोत बटाट्याचं पीठ, साबुदाण्याचं पीठ आणि काकवी सर्रास मिसळत. कॅडबरीही त्याला अपवाद नव्हते. जॉर्ज हॉलंडला गेला, डच भाषा येत नसताना शब्दकोश आणि हातवारे यांच्या जोरावर सौदा केला आणि कोकोतलं तूप काढणारं यंत्र घेऊन आला. १८६६ मध्ये निव्वळ कोकोची भुकटी बाजारात आली. १८७५ साली भेसळीविरुद्ध कडक कायदा झाला आणि शुद्ध मालाची जाहिरात करणारे हे भाऊ पुढे निघून गेले. इथे नीती आणि नफा एकाच गाडीत बसले. असं नेहमी झालं असतं तर आमच्या वर्गाची गरजच पडली नसती.

मला स्वतःला जॉर्ज जास्त आवडतो तो मास्तर म्हणून. जवळजवळ पन्नास वर्षं दर रविवारी भल्या पहाटे उठून तो सेव्हर्न स्ट्रीटच्या प्रौढ शाळेत कामगारांना लिहायला-वाचायला शिकवायला जाई. विद्यार्थ्यांच्या घरी जाई. आपल्या मराठीच्या बाई पावसात छत्री घेऊन चाळीत यायच्या, आठवतंय ना? घर पाहिल्यावर मुलगा कळतो, असं त्यांचं मत. जॉर्जला त्या कोंदट गल्ल्यांत हेच कळलं. दारू सोड म्हणून सांगायचं, पण माणसाने कामावरून परतायचं कुठे? १८७९ मध्ये भावांनी कारखाना शहराबाहेर मोकळ्या रानात नेला आणि जागेला बोर्नव्हिल नाव दिलं. पुढे १८९५ पासून जॉर्जने तिथे घरं बांधायला घेतली, प्रत्येक घराला बाग आणि फळझाडं. १९०० साली ३३० एकर जमीन आणि ३१३ घरं त्याने एका ट्रस्टच्या नावे करून टाकली. घरं फक्त स्वतःच्या कामगारांसाठी नव्हती. मात्र गावात दारूचा गुत्ता नाही, आणि कारखान्यातल्या मुलीचं लग्न झालं की नोकरी सुटायची. मालक बापासारखा वागतो तेव्हा बापाचा धाकही सोबत येतो. आमच्या वर्गातल्या बायकांनी यावरून मला चांगलंच धारेवर धरलं.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला बसलो ते सांगतो.

कॅडबरींच्या कोकोचा मोठा हिस्सा साओ टोमे आणि प्रिन्सिपे या आफ्रिकेजवळच्या पोर्तुगीज बेटांवरून येई. १९०१ मध्ये रिचर्डचा मुलगा विल्यम याच्या कानावर आलं की तिथल्या मळ्यांत गुलाम राबतात. एका मळ्याच्या विक्रीच्या जाहिरातीत मजुरांचीही किंमत मालमत्तेत धरलेली होती. कागदावर ते पाच वर्षांच्या कराराने अंगोलातून आलेले मजूर. प्रत्यक्षात गेलेला माणूस परत येत नसे. रिचर्ड तोवर वारला होता आणि कंपनीचा अध्यक्ष होता जॉर्ज, गुलामगिरीला पाप मानणाऱ्या पंथाचा.

खरेदी थांबली १९०९ च्या मार्चमध्ये. मधली आठ वर्षं काय केलं? विल्यम लिस्बनला जाऊन आला. जोसेफ बर्ट नावाच्या माणसाला पोर्तुगीज शिकायला लावून १९०५ मध्ये बेटांवर आणि अंगोलात पाठवलं. तो १९०७ मध्ये परतला आणि सगळं खरं असल्याचा अहवाल दिला. मधल्या काळात हेन्री नेव्हिन्सन या पत्रकाराने स्वतः जाऊन १९०६ मध्ये पुस्तकच छापलं. ब्रिटिश परराष्ट्र खातं थोडं थांबा म्हणत होतं. कंपनीचं म्हणणं असं, की आपण गिऱ्हाईक आहोत तोवर पोर्तुगीज आपलं ऐकतील, माल बंद केला तर दुसरा कुणी घेईल आणि मजूर तसेच राहतील.

याच काळात जॉर्जच्या मालकीचं ‘डेली न्यूज’ दक्षिण आफ्रिकेच्या खाणींतल्या चिनी मजुरांच्या हालांवर रान उठवत होतं. विरोधकांच्या हाती कोलीतच मिळालं. १९०८ मध्ये ‘स्टँडर्ड’ या पत्राने नेमकं बोट ठेवलं. कॅडबरींनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. १९०९ च्या अखेरीस बर्मिंगहॅममध्ये खटला चालला, समोर एडवर्ड कार्सनसारखा वकील. ज्युरीने निकाल कॅडबरींच्या बाजूने दिला, खटल्याचा खर्चही पत्राच्या माथी मारला, आणि नुकसानभरपाई दिली एक फार्दिंग. पेनीचा चौथा हिस्सा, त्या देशातलं सगळ्यात हलकं नाणं.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण सांगतो, तुमच्यापासून काय लपवायचं.

आमच्या कारखान्याला पुठ्ठ्याचे खोके पुरवणाऱ्या एका शेडमध्ये मी अचानक गेलो होतो. दहा-अकरा वर्षांची पोरं खळ लावत बसली होती. परत येऊन साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, लगेच तोडू नका, समज द्या, आपण गिऱ्हाईक आहोत, ऐकेल तो. मलाही ते पटलं. पटण्याचं एक कारण असं की त्याचा भाव सगळ्यांत कमी होता आणि त्या वर्षीची बचत माझ्या नावावर लागणार होती. मी पत्रं लिहिली, दोनदा तपासणी केली. कळवून गेलो, तेव्हा पोरं नव्हती. अकरा महिने ऑर्डर चालू होती. मग तोडली. शेड बंद पडली. पोरं कुठे गेली, मी चौकशी केली नाही.

वर्गात मी निबंध वाचला. शिकवणाऱ्या फादरांनी एकच विचारलं, की आठ वर्षांतला कितवा दिवस जॉर्जला चुकला असं तुला वाटतं? मी म्हटलं, बर्टचा अहवाल आला तो. त्याआधी शंका होती, त्यानंतर फक्त सोय होती. फादर मान हलवून गप्प राहिले. माझ्या बाबतीत तो दिवस पहिलाच होता, कारण मी डोळ्यांनी पाहिलं होतं. हे मी वर्गात बोललो नाही, इथे लिहितो आहे.

जॉर्जच्या बाजूनेही लिहायला हवं. माल थांबवला तेव्हा फ्राय आणि राऊनट्री या दुसऱ्या क्वेकर कंपन्याही सोबत आल्या, आणि खरेदी हळूहळू गोल्ड कोस्टकडे, म्हणजे आजच्या घानाकडे वळली, जिथे कोको छोटे शेतकरी स्वतःच्या जमिनीत लावत. माणसं पाठवून, पैसे खर्चून शोध घेणारे व्यापारी तेव्हा फार नव्हते. आणि १९०३ मध्ये त्याने आपलं जुनं राहतं घर, वुडब्रुक, धर्म आणि समाजाच्या अभ्यासासाठी देऊन टाकलं. १९३१ साली गोलमेज परिषदेच्या दिवसांत गांधीजी तिथे जाऊन राहिले होते. जॉर्ज ते पाहायला नव्हता, तो १९२२ च्या ऑक्टोबरमध्ये गेला.

मेळाव्याच्या दिवशी प्रत्येकाच्या पाकिटात एक कॅडबरी टाकायचं ठरलंय म्हणे, आणि खरेदीचं काम सवयीने माझ्याकडेच आलं आहे. पाकिटाचे खोके कुठून घ्यायचे, ते बघायला मी मंगळवारी जाणार आहे. न कळवता. कुणाला सोबत यायचं असेल तर सकाळी दहाला कॅडबरीच्या स्टॉपवर भेटा.