हलगीवाल्याचे नाव काय?

पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर शिरढोण हे गाव लागते. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म याच गावात झाला. त्यांचे नाव शाळेच्या पुस्तकातून सगळ्या महाराष्ट्राला पाठ झाले आहे आणि त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण १८७९ च्या बंडात त्यांच्यासोबत जीव द्यायला कोण उभे होते? रामोशी, कोळी, धनगर. शिरढोणच्या शेजारच्या पळस्प्यावर छापा पडला तो याच माणसांच्या जोरावर. त्यांचे म्होरके दौलतराव नाईक त्याच मे महिन्यात इंग्रजांच्या गोळीला बळी पडले. हे नाव किती जणांना ठाऊक आहे? इतिहासाने त्यांना एका शब्दात गुंडाळले : साथीदार.

गाण्याबजावण्याच्या क्षेत्रातही हाच शब्द चालतो. पुढे उभा राहून गातो तो कलावंत आणि मागे बसून ढोलकी, हलगी, संबळ वाजवतो तो साथीदार. आज मुंबई-पुण्यात नव्या मुलांचे बँड निघाले आहेत. गिटार आणि ड्रमच्या जोडीला हलगी, संबळ घेतात, रॉकच्या चालीत गोंधळ आणि पोवाडा मिसळतात. तिकिटे लावून कार्यक्रम होतात, टाळ्या पडतात. याला फ्युजन म्हणतात आणि हे काहीतरी अगदी नवीन आहे असे सांगितले जाते. मिसळण करायला कुणाची हरकत असायचे कारण नाही. पण हे नवीन आहे हे म्हणणे खोटे आहे. ऐंशी वर्षांपूर्वी मुंबईच्या कामगार वस्तीत हेच काम एका माणसाने करून दाखवले होते, आणि ते नुसत्या कानाला गोड लागावे म्हणून केले नव्हते. त्या माणसाचे नाव अण्णाभाऊ साठे.

१ ऑगस्ट १९२० रोजी सांगली जिल्ह्यातील वाटेगावच्या मांगवाड्यात अण्णाभाऊंचा जन्म झाला. पाळण्यातले नाव तुकाराम. आई वालुबाई, वडील भाऊराव. शाळा दीड दिवसाची. १९३१-३२ च्या सुमारास हे कुटुंब पोटासाठी पायी चालत मुंबईला आले. अण्णाभाऊंनी हमाली केली, गिरणीत राबले, माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहिले, पुढे घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत संसार केला. अक्षरओळख झाली ती दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरे वाचून. नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात ते शिकले. फड हेच त्यांचे विद्यापीठ.

तमाशाची घडण जुन्या जाणत्यांना माहीत आहे. आधी देवाचा गण, मग कृष्णाची गवळण, मग बतावणी आणि शेवटी वग. अण्णाभाऊंनी या घडणीला हात घातला. देवाचा गण काढला आणि त्या जागी मायभूमीला, शिवरायांना, राबणाऱ्या माणसांना वंदन आणले. गवळण काढून टाकली. बतावणी आणि वग मात्र ठेवले, कारण त्यात गरिबाच्या तोंडचा विनोद होता आणि सावकाराला, पुढाऱ्याला, शेटजीला भर सभेत उघडे पाडण्याची सोय होती. 'अकलेची गोष्ट', 'देशभक्त घोटाळे', 'शेटजींचे इलेक्शन' ही त्यांची लोकनाट्ये या पद्धतीने उभी राहिली.

गाण्यांचेही तेच. पोवाडा हा राजांचा आणि सरदारांचा. अण्णाभाऊंनी तो स्टालिनग्राडच्या लढवय्यांना दिला, बंगालच्या दुष्काळात उपाशी मरणाऱ्यांना दिला. लावणी शृंगाराची समजली जाई. त्यांनी मुंबईवर लावणी लिहिली आणि मलबार हिलची श्रीमंती व कामगाराची खोली एकाच गाण्यात समोरासमोर उभी केली. 'माझी मैना गावावर राहिली' ही त्यांची छक्कड सुरू होते ती गावाकडे राहिलेल्या बायकोच्या विरहाने. आणि ऐकता ऐकता ती मैना म्हणजे महाराष्ट्रापासून तोडलेला सीमाभाग होऊन जाते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या छक्कडीने मैदाने हलवली. एका प्रकारात दुसरा प्रकार मिसळायचा तो कशासाठी, याचे उत्तर या तीन उदाहरणांत आहे. जुने भांडे सर्वांच्या ओळखीचे होते. त्यात नवा माल भरला म्हणजे अडाणी माणसालाही तो घरी नेता येतो.

१९४४ साली अण्णाभाऊ, शाहीर अमर शेख आणि शाहीर द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. वाटेगावचा मातंग आणि बार्शीच्या मुसलमान घरातला अमर शेख एकाच व्यासपीठावर, एकाच आवाजात. डफ, ढोलकी, तुणतुणे हीच त्यांची वाद्ये. गिरणीच्या दारात, चाळीच्या चौकात, मैदानावर हे पथक उभे राहिले की हजारो माणसे जमत. सत्तेला याची धास्ती वाटली नसती तरच नवल. स्वातंत्र्यानंतरच्या मुंबई सरकारने या पथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. तमाशा म्हणता येईना तेव्हा लोकनाट्य म्हणून तोच विचार पुन्हा उभा राहिला.

अण्णाभाऊ लाल झेंड्याचे की निळ्या झेंड्याचे, हा वाद आपल्याकडे बराच काळ चालला. ज्यांना वाद घालायचा आहे त्यांनी घालावा. २ मार्च १९५८ रोजी दादरला पहिले दलित साहित्य संमेलन भरले, त्याचे उद्घाटन अण्णाभाऊंनी केले आणि पृथ्वी शेषाच्या डोक्यावर नसून दलितांच्या व कष्टकऱ्यांच्या तळहातावर तरली आहे हा विचार मांडला. १९५९ ची 'फकिरा' त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. इंग्रजी अमलात उपाशी वस्तीसाठी बंड करणारा मांग तरुण या कादंबरीचा नायक आहे. म्हणजे ज्याला इतिहासाने साथीदार म्हणूनही जागा दिली नसती, त्याला अण्णाभाऊंनी पुढे आणून उभे केले. 'वैजयंता' मध्ये त्यांनी तमाशातल्या बायांची पिळवणूक लिहिली. फडावर नाचणाऱ्या बाईलाही एक जीवन आहे, हे कुणी लिहिले नव्हते.

आता मुद्द्याचे. हलगी हे वाद्य आमच्या वाट्याला आवडीने आले नाही. लग्नात वाजवायचे, जत्रेत वाजवायचे, प्रेतापुढे वाजवायचे आणि जेवायला मात्र दूर बसायचे. बाबासाहेबांनी गावकीची लाचारीची कामे सोडायला सांगितली, तेव्हा अनेक घरांनी वाद्येही खाली ठेवली. ते बरोबरच होते. ज्या काठीने गुलामी वाजते ती काठी टाकलीच पाहिजे. पण मग कलेचे काय करायचे? अण्णाभाऊंनी वाद्य टाकले नाही, त्याची वेठ टाकली. हलगी-ढोलकी तीच, बोटे तीच, मालक बदलला. पाटलाच्या मांडवातून ती कामगाराच्या मैदानात आली.

जगातही हाच प्रश्न पडलेला आहे. अमेरिकेत रॉक उभा राहिला तो काळ्या माणसांच्या ब्लूजवर. बिग मामा थॉर्नटन या काळ्या गायिकेचे 'हाउंड डॉग' हे गाणे १९५३ साली गाजले. तेच १९५६ साली गोऱ्या एल्विस प्रेस्लीने गायले आणि तो जगाचा राजा झाला. थॉर्नटनबाईंच्या पदरी फार थोडे पडले. आपल्या पँथरांनी १९७२ साली ज्यांच्यावरून नाव घेतले त्या ब्लॅक पँथरांच्या समाजाची ही कहाणी आहे. याला उत्तरही आपल्याच माणसांनी दिले. जानेवारी २०१८ मध्ये चेन्नईत दिग्दर्शक पा. रंजित आणि संगीतकार तेन्मा यांच्या पुढाकाराने कास्टलेस कलेक्टिव्ह हा बँड मंचावर आला. त्याचे नाव पंडित अयोत्ती दास यांच्या विचारातून आलेले. तिथे गिटार आहे, रॅप आहे, वस्तीतला गाना आहे आणि परई हे चामड्याचे वाद्यही आहे, जे प्रेतापुढे वाजवण्याची दलितांवर सक्ती होती. वाजवणारे तेच, गाणारे तेच, आणि नावही त्यांचेच.

१८ जुलै १९६९ रोजी गोरेगावात गरिबीत आणि एकटेपणात अण्णाभाऊ गेले. त्याच वर्षी अमर शेखही गेले. पुढे २००२ साली अण्णाभाऊंचे टपाल तिकीट निघाले, २०२२ साली मॉस्कोत पुतळा उभा राहिला. पुतळा उभारणे सोपे असते. अण्णाभाऊंची रीत चालवणे अवघड असते.

म्हणून आपल्या तरुणांना सांगणे एवढेच. गिटार हातात घ्या, ड्रम घ्या, जे वाद्य आवडेल ते घ्या. लाज वाटून हलगी टाकू नका आणि हौस म्हणून दुसऱ्याच्या मांडवात फुकट वाजवू नका. आणि जयंती मंडळांनीही एक काम करावे. कार्यक्रमाच्या पत्रकावर पाहुण्यांची, देणगीदारांची, पुढाऱ्यांची नावे मोठ्या टायपात छापता. येत्या १ ऑगस्टला त्याच टायपात हलगीवाल्याचे नाव छापा, आणि कार्यक्रम संपल्यावर त्याची बिदागी त्याच्या हातात, मंचावर बोलावून द्या.