रँग्लर परांजपे : गणिताची एक तपश्चर्या

गणित हा विषय कित्येकांस शत्रूप्रमाणें वाटतो. शाळेंत त्याच्यावर कसाबसा जय मिळविला, तरी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षीं तोच शत्रू दुप्पट बळानें पुढें उभा राहतो. बालाघाटच्या माथ्यावरील आमच्या या घाटनांदुराहून जीं मुलें व ज्या मुली अंबाजोगाईस, लातुरास किंवा पुण्यास विज्ञानशाखेंत शिकावयास जातात, त्यांपैकीं कांहीं सुट्टींत आम्हांस भेटावयास येतात. त्यांचें गाऱ्हाणें बहुधा एकच असतें. व्याख्यान इंग्रजींत, पुस्तक इंग्रजींत, अध्यापक फळ्यावर दोन पायऱ्या गाळून तिसरी मांडतात, आणि शेजारचा विद्यार्थी मात्र समजल्याप्रमाणें मान डोलावितो. मग आपणांसच देवानें बुद्धि कमी दिली, असें त्या बिचाऱ्यांस वाटूं लागतें. घरचीं माणसेंही मायेपोटीं सांगतात कीं, झेपत नसेल तर परत यावें, शेत कोठें पळून गेलें नाहीं. अशा विद्यार्थ्यांसाठीं व त्यांच्या पालकांसाठीं गणिताची अत्यंत कठीण परीक्षा पहिल्या क्रमांकानें जिंकणाऱ्या एका महाराष्ट्रीय पुरुषाचें चरित्र आम्ही येथें सादर करीत आहों.

रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचा जन्म १६ फेब्रुवारी १८७६ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील दापोली तालुक्यांत मुर्डी या लहानशा गांवीं झाला. एका अंगास समुद्र, दुसऱ्या अंगास डोंगर, मध्यें नारळी-पोफळीच्या वाड्या व भाताचीं खाचरें, असा तो प्रदेश. त्या काळीं कोंकणांत आगगाडी नव्हती. मुंबईस जावयाचें तर समुद्रमार्गानें जावें लागे. अशा कोपऱ्यांतील गांवच्या मुलानें जगांतील नामांकित गणित्यांच्या पंक्तीस जाऊन बसावें, हें तेव्हां कोणाच्या स्वप्नींही आलें नसेल.

परंतु या मुलाचें एक मोठें भाग्य होतें. शेजारच्या मुरूड गांवचे धोंडो केशव कर्वे हे त्याच्या नात्यांतले. कर्वे यांचें स्वतःचें शिक्षण किती कष्टांचें होतें, हें आमच्या वाचकांनीं अवश्य ध्यानांत घ्यावें. १८७५ सालीं एका सरकारी परीक्षेस बसण्यासाठीं ते ऐन पावसाळ्यांत मुरुडाहून साताऱ्यास सह्याद्रि ओलांडून पायीं गेले. आणि तेथें पोहोंचल्यावर, हा मुलगा वयानें लहान दिसतो, एवढ्याच कारणावरून त्यांस परीक्षेस बसूं दिलें नाहीं. तरीही त्यांनीं विद्येचा नाद सोडला नाहीं. वयाच्या तेविसाव्या वर्षीं ते मॅट्रिक झाले, १८८४ सालीं गणित विषय घेऊन पदवीधर झाले, आणि मुंबईंत शिकवण्या करून संसार चालवूं लागले. आपणांस जो मार्ग इतक्या विलंबानें सांपडला, तो घरच्या दुसऱ्या मुलास वेळेवर सांपडावा, या हेतूनें त्यांनीं रघुनाथास शिक्षणासाठीं आपणांजवळ मुंबईस आणलें. स्वतःच्या पोटास चिमटा घेऊन दुसऱ्याच्या मुलास शिकविणारा असा एक मनुष्य मागें उभा असला, म्हणजे मुलाच्या अंगची बुद्धि फुकट जात नाहीं.

पुढें १८९१ सालीं कर्वे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयांत गणिताचे अध्यापक झाले, आणि रघुनाथही त्याच महाविद्यालयांत विद्यार्थी झाला. डेक्कन एज्युकेशन सोसायटीनें १८८५ सालीं स्थापिलेली ही संस्था त्या वेळीं अगदीं तरुण होती. परंतु तिच्यांत शिकविणारीं माणसें थोर होतीं. गोपाळ गणेश आगरकर हे तेथें १८९२ पासून प्राचार्य होते. गोपाळ कृष्ण गोखले तेथें अध्यापक होते. त्यांचें अंकगणिताचें पुस्तक शाळांतून नांवाजलेलें होतें. अल्प वेतनावर वीस वर्षें सेवा करण्याची प्रतिज्ञा घेणारे हे आजीव सभासद रघुनाथाच्या डोळ्यांसमोर रोज वावरत होते. आपणही शिकून याच संस्थेंत शिकवावयाचें, असा संकल्प त्यानें विद्यार्थिदशेंतच केला. मुंबई विद्यापीठाच्या परीक्षांत उत्तम यश मिळाल्यावर त्यास हिंदुस्थान सरकारची शिष्यवृत्ति मिळाली, आणि १८९६ सालीं, वयाच्या विसाव्या वर्षीं, तो इंग्लंडांत केंब्रिज येथील सेंट जॉन्स महाविद्यालयांत दाखल झाला.

येथपर्यंत आम्ही रघुनाथ असें एकेरी नांव घेतलें. येथून पुढें परांजपे असें आदरानें म्हणणें प्राप्त आहे.

केंब्रिजची गणिताची परीक्षा ट्रायपॉस या नांवानें ओळखली जाते. त्या काळीं तिचा दरारा विलक्षण होता. बीजगणित, भूमिति, कलनशास्त्र, यंत्रशास्त्र, प्रकाशशास्त्र, ज्योतिष अशा अनेक शाखांचे प्रश्न त्या परीक्षेंत असत, आणि ती कित्येक दिवस चाले. एखादें प्रमेय पाठ म्हणून दाखविल्यानें तेथें निभाव लागत नसे. प्रत्येक प्रमेयाच्या पोटांत नवीन उदाहरण दिलेलें असे, आणि तें घड्याळाकडे पाहत सोडवावें लागे. पहिल्या वर्गांत उतरणाऱ्यांस रँग्लर म्हणत, आणि त्यांत जो अग्रस्थानीं येई तो सीनियर रँग्लर. निकाल विद्यापीठाच्या सभागृहांत क्रमवार वाचून दाखविला जाई, आणि पहिल्याचें नांव वर्तमानपत्रांतून सर्व देशभर पसरे.

महाविद्यालयांतील व्याख्यानें ऐकून या परीक्षेंत वरचा क्रमांक लागत नाहीं, असा तेथील अनुभव होता. म्हणून हुशार विद्यार्थी खाजगी शिक्षकाकडे जात. तो चार-सहा जणांस एकत्र बसवी, रोज उदाहरणें घाली, घरीं करावयास आणखी देई, आणि प्रत्येकाची वही बारकाईनें तपाशी. एडवर्ड राउथ या प्रसिद्ध शिक्षकानें अशा रीतीनें दोन डझनांवर सीनियर रँग्लर तयार केले. आमच्या विद्यार्थ्यांनीं येथें एक गोष्ट नीट पाहावी. जगांतील निवडक बुद्धीचे तरुणसुद्धां एकदां ऐकून गणित समजले, असें झालें नाहीं. तेही रोज चुकत, रोज वही तपासून घेत, आणि तेंच उदाहरण पुन्हां करीत. फळ्यावरची गाळलेली पायरी त्यांसही आपल्या हातानें भरून काढावी लागे. ज्यास ती भरावी लागते तो मंदबुद्धि, ही समजूत सर्वथा खोटी आहे.

परांजपे यांच्यापुढें आणखीही अडचणी होत्या. भाषा परकी, हवा थंड, अन्न निराळें, आणि सोबतीचे विद्यार्थी लहानपणापासून याच परीक्षेच्या तयारींत वाढलेले. त्यांच्यापूर्वीं १८७४ सालीं बंगालचे आनंद मोहन बोस हे रँग्लर होणारे पहिले भारतीय ठरले होते. परंतु अग्रस्थान कोणाही भारतीयास मिळालें नव्हतें. तीन वर्षें नेटानें अभ्यास करून परांजपे १८९९ सालीं परीक्षेस बसले. निकाल लागला तेव्हां पेम्ब्रोक महाविद्यालयाचे जॉर्ज बर्टविसल आणि सेंट जॉन्सचे परांजपे हे दोघे बरोबरीनें सीनियर रँग्लर ठरले होते. प्लेगानें गांजलेल्या व दुष्काळाच्या छायेंत सांपडलेल्या महाराष्ट्रास त्या वर्षीं आनंदाची वार्ता दुर्मिळ होती. भारतीयांची बुद्धि गणितास पुरी पडत नाहीं, असें म्हणणाऱ्यांस या एका निकालानें उत्तर मिळालें. तेव्हांपासून रँग्लर ही पदवी परांजपे यांच्या नांवास कायमची चिकटली.

तथापि क्रमांकाचें महत्त्व किती मानावें, याचाही विचार केला पाहिजे. १८५४ सालीं वर उल्लेखिलेले राउथ सीनियर रँग्लर झाले, आणि दुसरे आले ते जेम्स क्लार्क मॅक्सवेल. विद्युत् व चुंबकत्व यांचे नियम एका सूत्रांत गोंवून मॅक्सवेल यांनीं विज्ञानाचें रूप पालटलें. १८९० सालीं फिलिपा फॉसेट या मुलीस सीनियर रँग्लरहूनही अधिक गुण मिळाले. परंतु ती स्त्री असल्यामुळें पदवी मिळाली नाहीं, आणि केंब्रिजनें स्त्रियांस पदव्या देण्यास १९४८ साल उजाडलें. गणित मुलींचा विषय नव्हे, असें ज्या पालकांस वाटतें, त्यांनीं हें नांव लक्षांत ठेवावें. परांजपे यांच्या आदल्या वर्षीं जी. एच. हार्डी हे चवथे आले. वेगानें उदाहरणें सोडविण्याच्या या शर्यतींत खरें गणित मागें पडतें, असें त्यांचें मत झालें आणि त्यांनीं या पद्धतीविरुद्ध झगडा केला. १९०९ नंतर क्रमवार यादी वाचण्याची प्रथाच बंद झाली. याच हार्डींनीं पुढें श्रीनिवास रामानुजन् यांस केंब्रिजला बोलाविलें. रामानुजन् इतर विषयांकडे दुर्लक्ष झाल्यामुळें मद्रासकडील महाविद्यालयीन परीक्षेंत नापास झालेले होते! परांजपे यांनीं रामानुजन् यांच्याप्रमाणें नवें गणित निर्माण केलें नाहीं, हेंही प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. परीक्षेंत पहिला येणारा आणि परीक्षेंत नापास होणारा, या दोघांचीही गणितास गरज आहे.

मग परांजपे यांचें खरें मोठेपण कशांत? आमच्या मतें तें सीनियर रँग्लर झाल्यानंतरच्या वागण्यांत आहे. अशी कीर्ति मिळविलेल्या तरुणास मोठ्या पगाराच्या सरकारी जागा दुर्लभ नव्हत्या. परंतु विद्यार्थिदशेंत केलेला संकल्प त्यांनीं पाळला. ते पुण्यास परत आले, अल्प वेतनाचे आजीव सभासद झाले, आणि १९०२ सालीं वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षीं फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. दीर्घकाळ त्यांनीं हें काम पाहिलें, आणि स्वतः वर्गांत उभें राहून गणित शिकविलें. केंब्रिजचा मानकरी खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलांस बीजगणित शिकवीत आहे, हें दृश्य त्या काळांत हजारों विद्यार्थ्यांनीं पाहिलें असेल. ज्या वाटेनें एका कर्व्यांनीं एका रघुनाथास नेलें, तीच वाट त्यांनीं अनेकांसाठीं रुंद केली.

त्यांच्या सर्वच कृति सर्वांस रुचल्या असें नाहीं. ते नेमस्त पक्षाचे होते. १९०५ सालीं परदेशी कापडाची होळी केल्याबद्दल त्यांनीं विनायक दामोदर सावरकर या विद्यार्थ्यास दंड केला व वसतिगृहांतून काढलें. त्याबद्दल त्यांच्यावर कठोर टीका झाली. शिक्षणाच्या कामीं मात्र त्यांची निष्ठा कधीं ढळली नाहीं. कर्वे यांनीं १९१६ सालीं महिला विद्यापीठ स्थापिलें, तेव्हां त्याचे पहिले कुलगुरु परांजपे झाले. मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री असतांना १९२३ चा प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. लखनौ विद्यापीठाचे कुलगुरु, ऑस्ट्रेलियांत भारताचे हाय कमिशनर, आणि उतारवयांत पुणें विद्यापीठाचे कुलगुरु, अशीं पदें त्यांनीं भूषविलीं. ६ मे १९६६ रोजीं, नव्वदी ओलांडल्यावर, त्यांचें देहावसान झालें.

एक गोष्ट आम्हांस लपवावयाची नाहीं. परांजपे हे ईश्वरावर श्रद्धा ठेवणारे नव्हते. आगरकरांच्या परंपरेंतले ते कट्टर बुद्धिवादी होते. ज्या शाळेचा दिवस प्रार्थनेनें उगवतो, तिच्या अंकांत त्यांचें चरित्र कशासाठीं, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर शुभवर्तमानांतील एका दृष्टान्तांत आहे. धन्यानें परदेशीं जातांना चाकरांस द्रव्य सोंपविलें. कोणी तें व्यापारांत घालून दुप्पट केलें, आणि एकानें भीतीनें जमिनींत पुरून ठेविलें. धन्याचा रोष झाला तो पुरून ठेवणाऱ्यावर. परांजपे यांनीं आपणांस मिळालेलें द्रव्य पुरून ठेविलें नाहीं. तें वाढविलें आणि वाटून टाकिलें. देवाचें नांव न घेतां त्यांनीं जें केलें, तें देवाचें नांव घेणाऱ्या आम्हीं केल्यावांचून राहावें, हें लाजिरवाणें होईल.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हांपैकीं जे पुढील वर्षीं महाविद्यालयांत जातील, त्यांस पहिल्या सहामाहींत गणित कळेनासें होईल, तेव्हां भिऊं नका. न कळलेली पायरी वहींत लिहून काढा, ती भरून पाहा, आणि अडल्यास निःसंकोच विचारा. एकट्यानें रडण्यापेक्षां चौघांनीं एकत्र बसून उदाहरण सोडविणें बरें. सूज्ञ पालकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, पहिल्या नापास निकालावरून मुलास वा मुलीस परत बोलावूं नये. शेत वाट पाहील. शिक्षणाचें वय वाट पाहत नाहीं. आणि जे शिकून मोठे होतील, त्यांनीं परांजपे यांच्याप्रमाणें परत वळून पाहावें. आपल्या घाटनांदुरांतही एखादा रघुनाथ किंवा एखादी फिलिपा कोणा कर्व्यांची वाट पाहत बसलेली असेल.