ओराबाई वॉशिंग्टन



स्मरणिकेसाठी प्रत्येकीने एका नामवंत स्त्रीचे चरित्र लिहावे असे ठरले, तेव्हा जिजाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई ही नावे माझ्यापर्यंत पोचण्याआधीच वाटली गेली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. नवीन नाव कुठून काढावे या विचारात होते. माझी धाकटी शाळेत बास्केटबॉल खेळते. तिने मला अमेरिकेतल्या ओरा वॉशिंग्टनची हकीकत सांगितली, आणि त्यानंतर दोन दिवस माझे स्वयंपाकात लक्ष लागेना. तीच येथे लिहीत आहे. गोड मानून घ्यावी.

ओराचा जन्म १८९८ च्या सुमाराचा, व्हर्जिनिया राज्यातल्या एका शेतकरी घरातला. नऊ भावंडांचे घर, आणि आई लवकर गेलेली. गुलामगिरी कायद्याने संपली होती, पण दक्षिणेकडच्या कृष्णवर्णी लोकांचे हाल संपले नव्हते. पुष्कळ कुटुंबे पोटासाठी उत्तरेकडे निघाली. ओराही फिलाडेल्फिया शहराच्या जर्मनटाउन भागात नातेवाइकांकडे आली आणि लोकांच्या घरी झाडलोट, धुणेपुसणे करू लागली.

तेथे तरुण स्त्रियांसाठी वायडब्ल्यूसीए ही संस्था होती. त्यातही कृष्णवर्णी मुलींची शाखा निराळी! बहीण वारल्यामुळे ओरा खचली होती, म्हणून मन रमावे यासाठी ती तेथे टेनिस खेळू लागली, असे सांगतात. तेव्हा तिने पंचविशी गाठली होती. आपल्याकडे या वयात खेळ हा शब्दसुद्धा विसरलेला असतो.

गोऱ्यांच्या स्पर्धांत कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता, म्हणून त्यांनी १९१६ मध्ये अमेरिकन टेनिस असोसिएशन ही आपली वेगळी संघटना काढली होती. तिच्या राष्ट्रीय स्पर्धेत ओराबाईंनी १९२९ ते १९३५ अशी सलग सात वर्षे आणि पुन्हा १९३७ साली एकेरीचे विजेतेपद मिळवले. (आता त्यांना अहोजाहो करणेच बरे.) त्या रॅकेट मुठीशी न धरता बरीच वर धरत. शिकवणाऱ्याने नाक मुरडले असते, पण समोरच्या बाईला चेंडू परतवता येत नसे. त्या काळची गोरी विजेती हेलन विल्स. तिच्याशी एकदा सामना व्हावा ही ओराबाईंची इच्छा होती, तो कधी झाला नाही.

उन्हाळ्यात टेनिस, हिवाळ्यात बास्केटबॉल. आधी जर्मनटाउन हॉर्नेट्स आणि १९३२ च्या सुमारास फिलाडेल्फिया ट्रिब्यून. हा दुसरा संघ ट्रिब्यून नावाच्या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राने चालवला होता. तिकीट लावून गावोगाव सामने होत. ओराबाई मधल्या जागेवर खेळत, गुण त्यांचेच जास्त, आणि संघाचे नेतृत्वही त्यांच्याकडे. बायकांना दमू नये म्हणून त्या वेळी मैदानाचे भाग पाडून, सहा-सहा जणी ठेवून खेळण्याचे नियम केलेले होते. या संघाच्या बायका पुरुषांच्या नियमांनीही पूर्ण मैदानभर पळत.

१९३४ साली हा संघ नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरो येथे बेनेट कॉलेजच्या मुलींशी तीन सामने खेळला. बेनेटच्या मुली शिकलेल्या, नीटनेटक्या, आणि त्यांचा दबदबाही मोठा. तिन्ही सामने ट्रिब्यूनने जिंकले. ओराबाई खेळात दांडगट होत्या, हे लपवण्यात अर्थ नाही. त्यांचा पोटात बसलेला ठोसा बेनेटच्या एका खेळाडूला म्हातारपणापर्यंत आठवत होता.

आणि हे सर्व चालू असताना घरकाम सुटले नव्हते. खेळाच्या मिळकतीवर पोट भरत नसे. करंडक घेऊन आलेली बाई पुन्हा दुसऱ्याच्या घरी फरशी पुसायला जाई. हे ऐकल्यावर मी आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींना प्रथमच विचारले, की लहानपणी काय खेळत होतात. त्या कबड्डी खेळत, तालुक्यापर्यंत गेल्या होत्या. अकरा वर्षे त्या माझ्याकडे येत आहेत!

१९४७ साली, पन्नाशी जवळ आली असता, ओराबाईंनी मिश्र दुहेरीत जेमतेम विशीतल्या अल्थिया गिब्सनच्या जोडीला हरवले. पुढे १९५० मध्ये गोऱ्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेचे दार उघडले ते अल्थियासाठी, आणि १९५७ साली ती विम्बल्डन जिंकली. ओराबाईंचे वय तोवर निघून गेले होते. त्या जर्मनटाउनलाच राहिल्या.

२०१८ साली बास्केटबॉलच्या नेस्मिथ कीर्तिमंदिरात त्यांचे नाव लागले. पण त्याआधी १९७६ मध्ये कृष्णवर्णी खेळाडूंच्या कीर्तिमंदिरात त्यांची निवड झाली होती. समारंभाला त्या स्वतः येतील अशी मंडळींची अपेक्षा होती. ओराबाई १९७१ सालीच वारल्या होत्या, आणि ते तेथे कोणाला ठाऊक नव्हते.