सावित्रीबाईंच्या वर्गाचं नगरशी नातं

अहिल्यानगर : सावित्रीबाई फुले म्हटलं की पुण्याचा भिडेवाडा आठवतो. पण त्यांच्यातली शिक्षिका घडली त्यात आपल्या नगरचाही वाटा आहे, हे आजही बऱ्याच जणांना माहीत नाही.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा. १८४० साली जोतीरावांशी लग्न झालं, तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. जोतीरावांनीच त्यांना शिकवलं.

त्या काळी नगरला अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार मुलींच्या शाळा चालवत होत्या. फरारबाई १८३९ पासून इथे होत्या आणि १८६२ साली इथेच वारल्या. जोतीरावांनी नगरला येऊन त्या शाळा पाहिल्या अन् पुण्यातही तसंच काम करायचं मनावर घेतलं. वर्ग कसा चालवायचा, मुलींना कसं शिकवायचं, याचे धडे सावित्रीबाईंनी फरारबाईंकडे घेतले.

१८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. बाई तेव्हा जेमतेम सतरा वर्षांच्या. तिथे नुसतं पाठांतर नव्हतं. गणित होतं, विज्ञान होतं. शाळेच्या वाटेवर लोक त्यांच्या अंगावर शेण-चिखल फेकत. म्हणून त्या सोबत दुसरं लुगडं न्यायच्या, शाळेत बदलायच्या आणि शिकवायला उभ्या राहायच्या. या कामापायी १८४९ साली दोघांना सासरचं घरही सोडावं लागलं.

एवढं सोसून मिळालं काय? मुक्ता साळवे ही मांग समाजातली चौदा वर्षांची मुलगी फुले दांपत्याच्या शाळेत शिकत होती. तिने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. ज्यांना धर्मग्रंथ वाचायचाही हक्क नाही, त्यांचा धर्म कोणता, असा सवाल तिने केला. १८५५ साली हा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. हे नियतकालिकही १८४२ साली आपल्या नगरमधूनच निघालेलं.

ज्या समाजाला शाळेची पायरी चढू देत नव्हते, त्या समाजातली पोर चार-दोन वर्षांत मोठमोठ्यांना प्रश्न विचारू लागली. स्वतः उशिरा पाटी हातात घेतलेल्या बाईंच्या शाळेत हे घडलं.

१८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंनाही लागण झाली. १० मार्चला त्यांची प्राणज्योत मालवली.

आज गावोगावच्या शाळांत त्यांचा फोटो असतो. फोटोखाली बसलेली पोरं न घाबरता प्रश्न विचारतात का, हेही गावाने एकदा जाऊन बघावं.